साखरपुड्यातली ब्राउनी, गरम सॉस आणि डिसेंबरचं ऊन: एक प्रकरण

पार्श्वभूमी

सांगली-मिरज पट्ट्यात एक बाई घरून केक-बिस्किटांच्या ऑर्डरी घेतात. नाव-गाव बाजूला ठेवून मी त्यांना इथे नुसतं ताई म्हणते. त्या माझ्याकडे बेकिंगच्या वर्गाला येत होत्या, त्यामुळे या प्रकरणातले काही निर्णय त्यांचे आहेत, काही माझे, आणि सगळ्यात महागात पडलेला माझाच.

ऑर्डर होती साखरपुड्याची. डिसेंबरातला रविवार, दुपारचं जेवण, ६५ माणसं. मुलाकडच्यांना गोडात श्रीखंड-जिलेबीऐवजी 'हॉटेलात मिळते तशी ब्राउनी, वरून गरम चॉकलेट सॉस, आणि अक्रोड दिसले पाहिजेत' असं हवं होतं. मुलाची आजी माळकरी, म्हणून अंडं चालणार नव्हतं. दर ठरला प्लेटला ११० रुपये, म्हणजे ७,१५० रुपये, त्यातले ३,००० आगाऊ.

ताईंकडे २८ लिटरचा ओटीजी, म्हणजे विजेवरचा छोटा ओव्हन, २० सेंटीमीटरचे चौकोनी टिन दोन, आणि मदतीला कॉलेजात जाणारा भाचा. ब्राउनी त्यांनी पूर्वी केल्या होत्या, पण डब्यात भरून द्यायच्या. गरम सॉससकट, दुसऱ्याच्या हॉलवर, एका वेळी एवढ्या प्लेटा कधीच नाही.

ब्राउनीची जी गोष्ट सांगतात ती मला या निमित्ताने आठवली. १८९३च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात बायकांच्या जेवणाच्या डब्यात नेता येईल असं, केकपेक्षा लहान काहीतरी करून द्या, असं पामर हाउस हॉटेलच्या बर्था पामर यांनी आपल्या स्वयंपाकघराला सांगितलं. त्यांनी केलं त्यात अक्रोड होते आणि वर जर्दाळूचा मुलामा. म्हणजे पदार्थ जन्मला तो डब्यातून गार खाण्यासाठी. गरम सॉस नंतरचा. ही गंमत मी ताईंना फोनवर सांगितली तेव्हा दोघी हसलो. तिच्यातला इशारा मात्र दोघींनाही कळला नाही.

पहिली अडचण: अंड्याशिवाय ब्राउनी केक होते

पहिला घाणा ताईंनी दही आणि खायचा सोडा घालून केला. छान फुगला, आणि तेच बिघडलं. दह्याची आंबटाई सोड्याला भेटली की हवा धरते आणि स्पंजासारखं जाळीदार काहीतरी तयार होतं. ब्राउनी दाताखाली दाट लागायला हवी, थोडी चिकट. भाच्याने खाऊन निकाल दिला, "मामी, हा वाढदिवसाचा केक आहे, फक्त चपटा."

अंडं ब्राउनीत बांधून ठेवतं, थोडं फुगवतं आणि वर ती पातळ, चकचकीत, तडकलेली पापडी आणतं. बांधणीचं काम कंडेन्स्ड मिल्क बऱ्यापैकी करतं. पापडीचं काम कोणी करत नाही. ताईंना पापडीची फार हळहळ होती. मी म्हटलं, वरून सॉस ओतणार ना, मग पापडी कोण बघतंय? तो विषय तिथेच संपला.

दुसऱ्या घाण्याला प्रमाण बसलं. एका टिनला १५० ग्रॅम डार्क चॉकलेट, १०० ग्रॅम लोणी, २०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, ६० ग्रॅम पिठीसाखर, १०० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम कोको, ८० मिलिलिटर दूध, पाव चमचा बेकिंग पावडर, चिमूट मीठ, ८० ग्रॅम अक्रोड. मैदा घातल्यावर फेटायचं नाही, उलथन्याने दुमडत मिसळायचं. पांढरं दिसेनासं झालं की हात थांबवायचा, नाहीतर चिवटपणा येतो. १६५ अंशावर साधारण अर्धा तास. काडी टोचली तर तिला ओलसर कण चिकटले पाहिजेत. काडी कोरडी निघेपर्यंत थांबलात तर उशीर झाला.

एका टिनात ५ सेंटीमीटरचे १६ तुकडे. पाच टिन म्हणजे ८०. माणसं ६५ सांगितली असली तरी साखरपुड्याला नेमकी तेवढीच येतात असं मी तरी अजून पाहिलेलं नाही.

अक्रोड

गुरुवारी ताई अर्धा किलो सोललेला अक्रोड घेऊन आल्या, सुट्टा, पोत्यातला, जरा स्वस्त. घरी एक गर चावला आणि चेहरा वाकडा झाला. खवट. अक्रोडाचं तेल हवेला फार लवकर बिघडतं. काश्मीरचा नवा अक्रोड सप्टेंबर-ऑक्टोबरात उतरतो, तेव्हा डिसेंबरात चांगला माल मिळायला हरकत नव्हती. हा बहुधा आदल्या हंगामाचा, उन्हाळा पोत्यात काढलेला. भाजला की खवटपणा जातो असा समज आहे. जात नाही, उलट दरवळतो. भाजण्याने जातो तो सालीचा तुरटपणा, तोही गर फडक्यात चोळून साल उडवली तर.

४८० रुपयांचा माल. ताईंच्या मनात आलं की एवढ्या चॉकलेटात कुणाला कळणार नाही. खरं तर चॉकलेटात कळतं. कोकोचा कडवटपणा आणि खवट तेल एकत्र आलं की जिभेच्या मागे राहून जातं. पर्याय होते:

- तोच वापरायचा, भाजून. पैसे वाचतील, नाव जाईल.
- शेंगदाणा. आमच्याकडे ताजा, हवा तेवढा. पण यजमानांनी अक्रोड म्हणून सांगितलं होतं, आणि शेंगदाण्याची अॅलर्जी असलेलं कोणी पाहुण्यांत असलं तर ते न विचारता घालणं बरं नाही.
- नुसता काजू. मऊ, गोडसर. चॉकलेटात हरवतो, चावायला मजा नाही.
- कवचासकट अक्रोड आणून फोडायचा. ताजा निघायची शक्यता जास्त, पण कष्ट.

ताईंनी अर्धा किलो कवचाचा अक्रोड आणला. भाच्याने वरवंट्याने फोडला, गर निघाला २०० ग्रॅमच्या आसपास. उरलेल्या २०० ग्रॅमला कोकणातला तुकडा काजू. काजू मिश्रणात आणि अक्रोड वर दिसेल असा, म्हणजे 'अक्रोड दिसले पाहिजेत' ही अटही पाळली गेली. यजमानांना फोन करून सांगितलं. मुलाची आत्या म्हणाली, "काजू? मग तर उत्तमच." हा फोन ताईंनी स्वतःहून केला, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत आवडलेला निर्णय तोच.

सॉस कोणता

खरा पेच इथे होता. वर्गात मी सॉससाठी गनाश शिकवते, म्हणजे गरम क्रीममध्ये चॉकलेट. चार माणसांना घरी वाढायला याच्यासारखं काही नाही. पण हॉलवर तो दोन-अडीच तास गरम राहायला हवा. आपल्याकडे सहज मिळते ती क्रीम २५ टक्के स्निग्धांशाची, आणि पुन्हा पुन्हा तापवली की गनाश फाटतो, वर तेल तरंगतं. शिवाय आचाऱ्यांची भट्टी म्हणजे राक्षसी धग. खाली लागणार हे नक्की.

भाच्याला सिझलर हवा होता. तापलेल्या बिडाच्या तव्यावर ब्राउनी, वर सॉस, चर्र असा आवाज, धूर, सगळ्यांच्या माना वळणार. ६५ जणांना किती तवे लागतील हा हिशेब मांडल्यावर तो स्वतःच गप्प झाला. मायक्रोवेव्हचंही तेच. प्लेटला अर्धं मिनिट धरलं तरी अर्ध्या तासाच्या वर रांग, आणि साखरपुड्यात गोडासाठी रांग म्हणजे पुढची दहा वर्षं त्याच गप्पा.

राहिला पाण्यातला सॉस: कंपाउंड चॉकलेट, कोको, साखर, पाणी, शेवटी लोणी. क्रीमचा मखमलीपणा नाही, पण फाटत नाही, नासत नाही, कितीदाही तापवा. कंपाउंडमध्ये कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती तेल असतं, त्यामुळे गार झाल्यावर टाळूला मेणासारखं चिकटतं. गरम वाढायचंच आहे तर चालेल, असं ठरलं. ताईंनी आपली पळी पाण्याने मापली, २५ मिलिलिटर भरली. ६५ पळ्या म्हणजे सव्वासोळाशे मिलिलिटर. म्हणून ६०० ग्रॅम कंपाउंड, ६० ग्रॅम कोको, ४०० ग्रॅम साखर, ९०० मिलिलिटर पाणी, १५० ग्रॅम लोणी.

शनिवारी रात्री साडेदहा

दिवसभरात पाचही टिन भाजून झाले. चौथ्याच्या वेळी वीस मिनिटं वीज गेली. ताईंनी ओटीजीचं दार उघडलं नाही, वीज आल्यावर दहा मिनिटं वाढवली, तो टिन किंचित कोरडा झाला. टिन गार झाले की फ्रीजमध्ये ठेवा आणि सकाळी कापा, हे मी सांगितलं होतं. अंड्याविना ब्राउनी गरम असताना कापली तर चुरा होतो. लोणी आणि कोको बटर आळलं की सुरी स्वच्छ फिरते. सल्ला बरोबर होता, पण अर्धा.

मग फोन वाजला. पलीकडून रडवेला आवाज: "मॅडम, चॉकलेटचा दगड झाला."

उकळत्या पाण्यावर पातेलं ठेवून कंपाउंड वितळवत होत्या. भाच्याने लवकर वितळावं म्हणून वर ताटली झाकली. ताटलीला आतून घाम फुटला, थेंब चॉकलेटात पडले, आणि दोन मिनिटांत चकचकीत रसाचा खरबरीत, कोरडा गोळा झाला. दुकानं बंद. घरात दुसरं कंपाउंड नाही.

असं का होतं? वितळलेल्या चॉकलेटात साखरेचे आणि कोकोचे बारीक कण तेलात मोकळे तरंगत असतात. दोन-चार थेंब पाणी पडलं की साखरेचे कण वरून ओले, चिकट होतात आणि एकमेकांना धरून बसतात. चाळलेल्या पिठावर पाण्याचे शिंतोडे उडाले की कशा गुठळ्या होतात, तसंच. पण त्याच पिठात भरपूर पाणी घातलं की सरबरीत होतंच ना. चॉकलेटचंही तसंच आहे. थोडं पाणी त्याला बिघडवतं, पुष्कळ पाणी सुधारतं. १०० ग्रॅमला निदान दोन मोठे चमचे गरम द्रव गेला पाहिजे, त्याच्या आत सगळी गडबड.

ताईंच्या मनात तीन गोष्टी होत्या. गोळा टाकून नुसत्या कोकोचा सॉस करायचा, पण कोको ६० ग्रॅमच उरला होता. तूप घालून सैल करायचं, शेजारीण तेच सांगत होती. गोळा सैल झाला असता, पण वर तुपाचा तवंग आला असता. तिसरं, दूध. दुधाने चव उजवी आली असती. पण रात्री केलेला दुधाचा सॉस दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अनेकदा तापणार आणि भट्टीवर करपणार, हा धोका नको होता.

मी म्हटलं, तुम्ही पाण्याचाच सॉस करणार होता. मग हे पाणी नियोजनाबाहेरचं नाहीच, फक्त हप्त्याहप्त्याने आलंय. उरलेलं कडकडीत करा आणि घाला. आधी एक वाटी, जोरात ढवळा, घाबरू नका, सुरुवातीला आणखी वाईट दिसेल. मग दुसरी.

फोन चालूच होता. रवीचा आवाज येत होता. दुसऱ्या वाटीनंतर आवाज बदलला, मग भाचा ओरडला, "झालं झालं, चमकतंय!" नंतर कोको-साखर घालून पाच मिनिटं मंद आचेवर उकळलं, आच बंद करून लोणी. मी झोपले पावणेबाराला.

हॉलवर

रविवारी मीही गेले. साडेदहाला पोचलो. ताईंनी घरून इंडक्शन शेगडी आणली होती. गोडाचं टेबल मांडलं होतं त्या कोपऱ्यात एकच सॉकेट, तोही ६ अँपिअरचा. २,००० वॉटची शेगडी साडेआठ-नऊ अँपिअर ओढते. मोठा सॉकेट कार्यालयाच्या खोलीत, ती बंद, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर दुसऱ्या लग्नात.

मग सॉस चहाच्या दाबाच्या थर्मासमध्ये भरला. पहिल्या चार चमच्यांना सुरेख आला, मग नळीतच आळला. तो थर्मास आजही ताईंच्या घरी भिजत पडला असेल. शेवटी आचारी मामांनी मोठ्या पातेल्यात उकळतं पाणी देऊन त्यात आमचं छोटं पातेलं बसवून दिलं. "अहो, आम्ही बासुंदी अशीच धरतो," ते म्हणाले. सांगली-मिरजेत राहून हे आम्हाला सुचलं नव्हतं.

अकरा वाजता एक प्लेट चाखून बघितली. तेव्हा माझी चूक समोर आली. तुकडे थेट फ्रीजमधून आले होते. आतून विटेसारखे कडक. सॉस पडला आणि अर्ध्या मिनिटात वर मेणाचा थर. गार ब्राउनीने गरम सॉसची सगळी ऊब पिऊन टाकली होती. तुकड्याच्या वजनापुढे २५ मिलिलिटर सॉसची ऊब ती किती! कोको बटर तिशीच्या पुढे मऊ होत चौतीस अंशाच्या आसपास वितळतं, आणि हे तुकडे दहाच्या खाली असावेत. आम्ही आठ दिवस सॉस गरम कसा ठेवायचा याचाच खल केला होता. ब्राउनीच्या तपमानाचं नाव कोणी काढलं नव्हतं.

वाढप सव्वा वाजता. हातात दोन तास. आचाऱ्यांच्या वाफेच्या भांड्यावर ट्रे ठेवले असते तर तुकडे ओले होऊन खाली गिच्च झाले असते. भट्टीजवळ ठेवले असते तर एक बाजू वितळली असती, आणि फोडणीचा वासही बसला असता. नुसते टेबलावर ठेवायचे, तर दगडी हॉलमध्ये डिसेंबरातला गारवा.

मागच्या दाराशी ताई उभ्या होत्या. बाहेर फरशीचं अंगण, लख्ख ऊन. त्या म्हणाल्या, "उन्हात घालू का?"

मला हसू आलं, आणि मग वाटलं, का नाही? पापड-कुरडया घालतो तसे चार ट्रे बाजेवर, वर पातळ मलमल ताणून, भाचा राखणीला. गडद रंग ऊन पटकन पितो. दर दहा मिनिटांनी ताई बोटाने दाबून बघत होत्या. एक कावळा दोनदा येऊन गेला. चाळीस मिनिटांत तुकडे दाबल्यावर दबू लागले, चॉकलेटचा वास सुटला, आणि ट्रे आत आणले. नंतरची प्लेट आम्हाला जशी हवी होती तशी होती. सॉस वाहत होता, ब्राउनी चमच्याने तुटत होती.

परिणाम

प्लेटा गेल्या ७४. यजमानांनी वरच्या नऊ प्लेटांचे पैसे देऊ केले, ताईंनी घेतले नाहीत. मला ते पटलं नाही, पण आहेर म्हणून सोडून दिलं. पहिल्या पन्नास-पंचावन्न प्लेटा उत्तम. नंतर बाहेरच्या पातेल्यातलं पाणी कोमट झालं, ते बदलायचं कोणाच्या लक्षात आलं नाही, आणि शेवटच्या पंधराएक जणांना घट्ट सॉस मिळाला. एका काकांनी विचारलंच, "हा सॉस आहे का लेप?" चौथ्या टिनचे कोरडे तुकडे आम्ही मुद्दाम आधी वाढले, सॉस पातळ होता तोवर. ते मुरले आणि कुणाला कळलं नाही. माळकरी आजींनी आधी तीनदा विचारलं, अंडं नाही ना. मग एक खाल्ली, आणि एक रुमालात बांधून नेली.

हिशेब: खर्च ४,३८० रुपये, त्यात फेकलेला अक्रोड ४८० आणि रिक्षा ३००. हातात उरले २,७७०. दोन माणसांचे दोन दिवस आणि माझे फोन धरता हा दर कमी होता.

पुन्हा करायचं झालं तर

अक्रोड घेताना दुकानातच एक गर तोंडात टाकायचा. हॉल आधी जाऊन बघायचा, आणि सॉकेट आधी बघायचा. सॉसला दोन पातेली, एक भट्टीवर, एक टेबलावर, आलटून पालटून.

फ्रीजबद्दल मी आता वर्गात वेगळं सांगते: कापायला गार, वाढायला गार नाही. कापून झालं की तुकडे झाकून बाहेरच राहू द्यायचे, तीन-चार तास आधी. कंडेन्स्ड मिल्कमध्ये साखर एवढी असते की तेवढ्या वेळात काही होत नाही.

कंपाउंडचा निर्णय मात्र मला अजून खुपतो. खरं डार्क चॉकलेट घातलं असतं तर शेवटच्या पंधरा प्लेटांतला सॉस घट्ट झाला असता, पण टाळूला चिकटला नसता. खर्च तीन-चारशेंनी वाढला असता. ताईंचं म्हणणं, ११० रुपयांत तेवढंच बसतं. मी म्हणते, मग दर १२५ सांगायचा होता. यावर आमचं एकमत झालेलं नाही.

मार्चमध्ये त्यांना मुंजीची ऑर्डर आली, ४० प्लेटा, हाच पदार्थ. फोनवर त्यांनी यजमानांना पहिला प्रश्न विचारला, हॉलला मागे अंगण आहे का?